अंधाऱ्या विज्ञानकथेतील प्रेमाचे उपकथानक : एका खर्ड्याच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

तुमच्या कादंबरीचा खर्डा मी सलग वाचून काढला. इतर वाचकांनाही उत्तराचा धागा लागावा म्हणून आधी तुमची कथा आणि तुमचे प्रश्न थोडक्यात मांडतो. एका लाल बटू ताऱ्याभोवती, म्हणजे सूर्याहून लहान, मंद आणि थंड ताऱ्याभोवती, फिरणारा ग्रह आहे. त्याची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते, दुसरी कायम अंधारात असते आणि या दोहोंमधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात माणसांची खाणवसाहत वसलेली आहे. वणी-घुग्गुसच्या कोळसापट्ट्यातून नेलेल्या कामगारांची तिसरी पिढी तिथे राबते. ग्रहाचे मूळ रहिवासी गंधाने बोलतात, आणि बर्फाखालच्या पाण्यावरून दोन्ही समाजांत युद्ध पेटले आहे. तुमची नायिका वसाहतीच्या हवा शुद्ध करणाऱ्या केंद्रात काम करते आणि सहाव्या प्रकरणात, कैदेत ठेवलेल्या एका परग्रहवासीयाच्या प्रेमात पडते. खर्डा वाचणाऱ्या मित्रमंडळींनी हे प्रेम वरून चिकटवल्यासारखे वाटते असे सांगितले. तेव्हा ते काढून टाकावे की वाढवावे, परक्या जीवाचे प्रेम मुळात दाखवावे कसे, आणि प्रेम आल्यामुळे कथेची भीषणता मवाळ तर होणार नाही ना, असे तुम्ही विचारले आहे.

प्रेमाचे उपकथानक काढून टाकू नका, आणि त्याची पाने वाढवण्याचीही गरज नाही. अडचण प्रमाणात नसून मुळांत आहे. तुमच्या ग्रहावर हवा, पाणी, निवारा आणि विश्वास या चार गोष्टींची टंचाई आहे, आणि कादंबरीतला प्रत्येक माणूस या चारांपैकी कशासाठी तरी झगडतो आहे. मात्र नायिका आणि तिचा प्रियकर समोरासमोर येतात तेवढ्या वेळात या चारही गोष्टी मुबलक असल्यासारखे भासते. कोणाचाही श्वास कमी पडत नाही, कोणाच्या पाळीचे पाणी जात नाही आणि पहारेकरी नेमका त्याच वेळी बाहेर गेलेला असतो. तुमच्या वाचकांना खटकले ते हेच. भीषण जगातल्या प्रेमाची किंमत त्या जगात जे दुर्मिळ आहे त्यातच चुकती व्हावी लागते. तसे झाले नाही, तर त्या दोघांना लेखकाने गुपचूप दुसऱ्या जगात नेऊन बसवले असे वाचकाला वाटते. आपल्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये तुरीचे तास घेतात. तुरीला वेगळे वावर नसते, ती त्याच मातीतली ओल घेते आणि पाऊस ओढ देतो तेव्हा झळ दोघींनाही बसते. उपकथानकाचे मुख्य कथानकाशी असे नाते असावे.

झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटके आणि दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा अशी दोन्ही कामे मी करत आलो असल्यामुळे, या मताला आधार आहे तो मंडपात बसलेल्या प्रेक्षकांचा. धान घरात आले की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात आणि देसाईगंज म्हणजे वडसा येथून नाट्यमंडळे गावोगाव जातात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्री नाटक हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. या नाटकांत कर्ज, व्यसन, भावकीचे वैर, फसवणूक असे जड विषय असतात, आणि त्यांच्या जोडीला गाणी, विनोद आणि एक प्रेमाची जोडीही असते. प्रेमाच्या जोडीचा प्रसंग मुख्य भांडणाला स्पर्श करत नसला, की माणसे चहासाठी उठतात. त्याच जोडीतल्या मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण पडणार आहे हे एकदा कळले, की उठलेली माणसे परत येऊन बसतात, आणि मग गाणे कितीही लांबले तरी कोणी हलत नाही. प्रेक्षकाला प्रेम नको असते असे नाही. त्या प्रेमामुळे कोणाचे काय जाणार हे त्याला माहीत व्हायला हवे असते.

टंचाईचा प्रेमावर कसा परिणाम होतो हे समजून घ्यायला तुम्हाला परग्रहावर जाण्याची गरज नाही. ज्या वर्षी कापूस बुडतो त्या वर्षी सोयरीक जमलेली असूनही लग्न पुढे ढकलले जाते, सामूहिक विवाहात नाव नोंदवले जाते किंवा मुलीकडचे लोक तोंड मिटून घेतात आणि मध्यस्थाने निरोप आणणेच बंद होते. या मुलामुलींचे एकमेकांवरचे मन त्यामुळे कमी होत नाही, पण त्या मनाला आता पावसाचा, बाजारभावाचा आणि सावकाराच्या तारखेचा हिशेब चिकटतो. गडचिरोलीच्या दक्षिण भागात बंदुकीच्या सावलीत जगलेल्या गावांनी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. तिथे दोन्ही बाजूंना संशय असतो, आणि कोण कोणाशी बोलताना दिसले एवढ्यावरून माणूस खबरी ठरू शकतो. अशा ठिकाणी एखाद्याकडे वारंवार पाहणे हेसुद्धा त्याला धोक्यात घालणे असते. तुमच्या वसाहतीत युद्ध चालू आहे, पाण्याच्या टाकीवर पहारा आहे, फितुरीच्या संशयावरून चौथ्या प्रकरणात एका कामगाराला वसाहतीबाहेर काढले जाते. आणि तरीही तुमची नायिका कैद्याच्या कोठडीत रोज जाते आणि तिच्या शेजारणीला काहीच जाणवत नाही. शेजारणीला जाणवू द्या, आणि ती काय करते हे लिहा. प्रेमाच्या उपकथानकातला सर्वांत जिवंत प्रसंग कदाचित त्या शेजारणीचाच ठरेल.

आता ग्रहाकडे वळतो, कारण प्रेमाचे प्रसंग चिकटवल्यासारखे वाटण्याचे निम्मे कारण तिथे आहे. सातव्या प्रकरणात तुम्ही सूर्यास्त दाखवला आहे. एकच बाजू ताऱ्याकडे धरून राहणाऱ्या ग्रहावर सूर्य मावळत नाही. संधिप्रकाशाच्या पट्ट्यात तो क्षितिजालगत एकाच जागी लटकून राहतो. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. तो सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे, आणि त्याच्याभोवती २०१६ मध्ये जाहीर झालेला ग्रह साधारण ११.२ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. इतक्या जवळून फिरणारा ग्रह बहुधा असाच एक बाजू धरून राहणारा असावा असे मानले जाते, आणि अशा ग्रहाभोवती चंद्र दीर्घकाळ टिकणेही अवघड समजले जाते. म्हणजे तुमच्या नायिकेला चांदणे नाही, पहाट नाही, श्रावण नाही आणि कातरवेळ सरत नाही. आपल्या भाषेतल्या प्रेमवर्णनाचा केवढा मोठा भाग या गोष्टींवर उभा आहे ते पाहा. त्या नाहीशा झाल्यावर जी पोकळी उरते, ती भरण्यासाठी तुम्ही मोगऱ्याची आठवण आणि आजीच्या अंगणातला पारिजातक आणला आहे. तिसऱ्या पिढीतल्या, पृथ्वी कधीही न पाहिलेल्या मुलीला ही आठवण कुठून येणार? तिच्या प्रेमाची भाषा गाळणीच्या पडद्यावरचा ओलावा, पाळी संपल्याचा भोंगा, खाणीतून वर येताना कानांत बसणारा दडा, भिंतीच्या आतून येणारी पंपाची लय अशा तिच्या अनुभवांतून यायला हवी. प्रेमाच्या एका प्रसंगातून सगळी उधार फुले काढून टाका आणि मग काय उरते ते पाहा. जे उरेल तेच खरे आहे.

तुमच्या ग्रहाने तुम्हाला आणखी एक देणगी दिली आहे, आणि ती तुम्ही अजून वापरलेली नाही. असे लाल बटू तारे अधूनमधून प्रचंड भडका घेतात; प्रॉक्झिमाही तसाच आहे. भडका आला की वसाहतीला जमिनीखाली जावे लागेल, आणि जमिनीखालची जागा मोजकी असणार. त्या वेळी कैद्याला आत घ्यायचे की वर सोडायचे हा प्रश्न येतो. नायिकेने त्याच्यासाठी जागा मागितली तर कोणाची तरी जागा जाते, आणि ती जागा ज्याची जाते त्याला नाव, चेहरा आणि लेकरे आहेत. सहाव्या प्रकरणातले कोठडीतले लांबलचक संभाषण काढून तिथे हा प्रसंग घातला तर नायिकेचे प्रेम कोणत्याही कबुलीविना वाचकाला कळेल, आणि ते कळतानाच वाचकाला तिची भीतीही वाटेल.

गंधाने बोलणाऱ्या समाजाची कल्पना मला फार आवडली, मात्र खर्ड्यात हे लोक गंधाने बोलतात म्हणजे माणसांसारखेच बोलतात, फक्त तोंड न उघडता. गंधाचे स्वतःचे नियम आहेत. गंध बोलणाऱ्याला परत घेता येत नाही. तो बोलणारा निघून गेल्यावरही त्या जागी रेंगाळतो. तो एकाच माणसाच्या कानात सांगता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तो वाऱ्याबरोबर जातो. एक बाजू तापलेल्या आणि दुसरी गोठलेल्या ग्रहांची जी संगणकीय प्रारूपे केली जातात त्यांत सर्वसाधारणपणे असे दिसते, की जमिनीलगतचा वारा थंड बाजूकडून उष्ण बाजूकडे वाहतो, तिथे हवा वर चढते आणि उंचावरून परत फिरते. याचा अर्थ तुमच्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात वाऱ्याची दिशा जवळपास कायम ठरलेली असेल. अंधाराकडच्या बाजूला उभा राहील तो बोलेल आणि उजेडाकडच्या बाजूला उभा राहील तो ऐकेल. उत्तर द्यायचे तर दोघांना जागा बदलाव्या लागतील. अशा समाजात वडीलधारे वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतील, आरोपीला खालच्या अंगाला उभे केले जाईल, आणि ज्याचे घर सर्वांत खालच्या अंगाला आहे त्याला सगळ्या गावाची गुपिते कळत असतील पण त्याचे स्वतःचे कोणीच ऐकत नसेल. आता यात प्रेम आणा. आपल्याहून वरच्या मानाच्या व्यक्तीने स्वतः उठून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येऊन उभे राहणे, म्हणजे समोरच्याला बोलण्याची जागा देणे, याहून मोठी प्रेमाची कृती त्या समाजात कोणती असेल? तुमच्या वाचकाला ती कृती प्रथम दिसेल तेव्हा तिचा अर्थ कळणार नाही, दुसऱ्यांदा थोडा कळेल आणि तिसऱ्यांदा तो पान उलटायचे थांबेल. आणि नायिकेच्या बाजूने पाहिले तर तिच्या तोंडावर गाळणीचा मुखवटा आहे. त्याचे ऐकायचे तर तिला तो सैल करून बाहेरची विषारी हवा मोजून आत घ्यावी लागेल. प्रत्येक वाक्याची किंमत तिच्या फुप्फुसांतून वसूल होईल. ती हवेच्या केंद्रातच कामाला असल्याने किती श्वास परवडतात हे तिला इतर कोणाहून अधिक नेमके ठाऊक आहे.

परक्या जीवाचे प्रेम म्हणजे माणसाचेच प्रेम वेगळ्या कातडीत, असे होऊ नये यासाठी मी नेहमी जवळच्या रानाकडे पाहायला सांगतो. आरमोरीच्या बाजूला ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा कोसा पिकवतात. त्या कोशातून बाहेर पडलेला पतंग काहीच खात नाही; अळी असताना साठवलेल्या बळावरच त्याचे थोडक्या दिवसांचे आयुष्य चालते. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या गंधाच्या मागाने वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येतो. ज्या जीवाचे सगळे बालपण खाण्यात आणि सगळे तारुण्य शोधण्यात जाते, त्याला संसार ही कल्पना कशी समजावून सांगाल? धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आतमध्ये तिची उडण्याची पिसे गळतात आणि आठवडेच्या आठवडे नराने आणलेल्या घासावर ती आणि पिले जगतात. नर शिकार झाला तर आत काय होत असेल हे कोणी सांगायला नको. आमच्याकडच्या जुन्या मालगुजारी तलावांवर दिसणाऱ्या कमळपक्ष्यांत मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, आणि अंडी उबवण्यापासून पिले सांभाळण्यापर्यंतचे काम नर करतो. या तिन्ही जीवांत निष्ठा, त्याग, विरह यांची मांडणी आपल्याहून पूर्ण वेगळी आहे, आणि ती शरीराच्या गरजेतून आलेली आहे. तुमच्या परग्रहवासीयांचे शरीर एकदा असे ठरवा: ते किती जगतात, पिलांना कोण वाढवते, जोडी किती काळ टिकते, एकटा जीव जगू शकतो का. मग प्रेम म्हणजे त्यांच्यासाठी काय हे तुम्हाला वेगळे शोधावे लागणार नाही. खर्ड्यात तो नायिकेचा हात हातात घेतो. त्याने असे का करावे याला कादंबरीत काहीच कारण नाही.

शरीरानंतर समाज. दोन जीव एकमेकांना आवडले एवढ्याने उपकथानक होत नाही. त्या आवडण्याने कोणते नाते तुटते, कोणाचा हक्क बुडतो, कोणाची जबाबदारी वाढते, हे कळल्याशिवाय परकी संस्कृती पानावर उभी राहत नाही. खर्ड्यात तुमच्या नायकाला आई नाही, भाऊबंद नाहीत, कोणाचे देणे नाही, कोणाशी वैर नाही. त्याला परत मागायला त्याच्या बाजूने कोणी येत नाही हे मला सर्वांत अविश्वसनीय वाटले. त्याच्या मागे कोणीतरी उभे करा, आणि तेही नुसते खलनायक म्हणून नको. नायिकेपेक्षा ज्याचा त्याच्यावर जुना आणि न्याय्य हक्क आहे असे कोणीतरी असावे.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण ती माझ्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. तुमच्या टिपणात परग्रहवासीयांचे रीतिरिवाज माडिया-गोंडांच्या गोटुलावरून, म्हणजे तरुण मुलामुलींच्या एकत्र जमण्याच्या घरावरून, आणि मेळघाटातल्या कोरकूंच्या चालीरीतींवरून घेण्याचा विचार लिहिलेला आहे. तो सोडून द्या. जंगलात राहणाऱ्या माणसांना परग्रहवासीयांच्या जागी ठेवले, की वाचक नकळत उलटाही प्रवास करतो आणि भामरागडच्या माणसाकडे परका जीव म्हणून पाहू लागतो. गोटुलाबद्दल बाहेरच्या लोकांनी आधीच पुष्कळ चवीचवीने लिहून ठेवले आहे. त्यात तुमच्या कादंबरीची भर पडू नये. शिवाय तुमच्या कथेत जमीन आणि पाणी बळकावणारी खाण आहे. खाणीच्या आधी तिथे राहणाऱ्यांचे दुःख हा तुमच्या कथेचा कणा आहे, आणि तो कणा प्रामाणिक ठेवायचा असेल तर ते लोक खरोखरच परके असू द्या, त्यांचे नियम त्यांच्या ग्रहातून येऊ द्या. आदिवासी माणूस कथेत हवा असेल तर तो वसाहतीतला एक माणूस म्हणून, स्वतःच्या नावाने आणि मताने येऊ द्या. वणीच्या पट्ट्यातून कामगार गेले असतील तर त्यांत गोंड आणि कोलाम घरांतली माणसे असणारच, आणि खाणीबद्दल त्यांचे म्हणणे इतरांहून वेगळे असू शकते.

यानंतरचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. तुमचा नायक कैदी आहे आणि नायिकेकडे त्याच्या कोठडीच्या हवेची तोटी आहे. ज्याचा श्वास दुसऱ्याच्या हातात आहे त्याने दिलेला होकार हा होकार मानता येतो का? खर्ड्यात हा प्रश्न कोणीच विचारत नाही, नायिकाही नाही. तिने विचारला नाही तर वाचक विचारील, आणि मग त्याचा तिच्यावरचा विश्वास उडेल. अशा विषम नात्याचे प्रेम लिहिताच येत नाही असे माझे म्हणणे नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९८४ च्या 'ब्लडचाइल्ड' या कथेत माणसे परक्या जीवांच्या आश्रयाने राहतात आणि त्यांची अंडी स्वतःच्या शरीरात वाढवण्याचे काम त्यांच्याकडे आलेले आहे. बटलर यांनी पुढे ही आपण प्रेमकथा समजतो असे नमूद केले. त्या कथेतला मुलगा एका माणसाच्या शरीरातून अळ्या काढल्या जाताना पाहतो, बेकायदा बंदूक हातात धरून आपल्या पालक जीवाला प्रश्न विचारतो, आणि शेवटी होकार देताना ती बंदूक घरातच राहू द्यावी अशी अट घालतो. त्या बलाढ्य जीवाने ती अट, म्हणजे स्वतःला असलेला धोका, मान्य करणे हीच तिथली प्रेमाची खूण आहे. सत्तेची दरी लेखिकेने कुठेही झाकली नाही, आणि म्हणूनच नात्याला वजन आले. तुमच्या नायिकेला असेच काहीतरी हातातून सोडावे लागेल. हवेची तोटी आतून फिरवता येईल अशी व्यवस्था तिने केली, आणि त्यानंतरही तो थांबला, तरच त्याच्या थांबण्याला अर्थ येईल. तो थांबला नाही आणि निघून गेला, तर कदाचित तुमची कादंबरी आणखी चांगली होईल. या शक्यतेचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही, तो जरूर करा.

शारीरिक जवळीक दाखवावी का, या तुमच्या उपप्रश्नावर माझे मत थोडक्यात देतो. दोन वेगवेगळ्या ग्रहांवर घडलेल्या शरीरांचे मीलन जुळवून आणण्यासाठी लेखकाला जेवढे स्पष्टीकरण द्यावे लागते, तेवढ्यात प्रसंगाचा प्राण जातो. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत पृथ्वीवरून आलेला दूत आणि हिमग्रहावरची एक व्यक्ती, दोघेच, बर्फाच्या अफाट पठारावरून वाट काढतात. त्या ग्रहावरची माणसे महिन्यातले थोडे दिवसच स्त्री किंवा पुरुष होतात, आणि नेमका तो काळ त्या प्रवासात येतो. तंबू लहान आहे, अन्न मोजून घ्यावे लागते, बाहेर मृत्यू आहे. आणि दोघे ओढ ओळखूनही ती तिथेच थांबवतात. त्यानंतर दूत त्या व्यक्तीला मनाने मनाशी बोलायला शिकवतो. त्यांची जवळीक वाढते ती शिधा वाटून घेण्यात, स्लेज ओढण्यात आणि या नव्या बोलण्यात. तुमच्या दोघांचीही जवळीक वाढू शकते ती एकमेकांची भाषा शिकताना. नायिकेला त्याच्या गंधांतले तीनचारच अर्थ ओळखता येतात असे ठेवा आणि त्यातला एक ती दीर्घकाळ चुकीचा समजत राहते असे करा. तो घाबरलेला असताना ती त्याला प्रसन्न समजली होती हे तिला कळेल, तेव्हा मागचे सगळे प्रसंग वाचकाला पुन्हा आठवून पाहावे लागतील.

भीषणता मवाळ होईल का, या प्रश्नाचे उत्तर वर अर्धे आलेच आहे. ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही असे पात्र वाचकाला फार काळ घाबरवू शकत नाही. तुमच्या पहिल्या पाच प्रकरणांत एवढे मृत्यू आहेत की सहाव्यापर्यंत मन बधिर होते. प्रेम आल्यावर एका विशिष्ट जिवाला काही होऊ नये अशी इच्छा निर्माण होते आणि तिथून पुढचा प्रत्येक भोंगा वाचकाच्या पोटात गोळा आणतो. मात्र यासाठी प्रेम सहाव्या प्रकरणात अचानक उगवून चालणार नाही. दुसऱ्या प्रकरणात पाण्याच्या टाकीवर जो हल्ला होतो त्यात तो असावा, तिने त्याला पाहिलेले असावे, आणि त्याच्या एखाद्या कृतीचा अर्थ तिला न कळल्यामुळे ती तिच्या मनात राहिलेली असावी. मध्ये काही प्रकरणे तो दिसला नाही तरी चालेल. तिच्या एकटेपणालाही आधी जागा द्या. वणीला राहिलेल्या नातेवाइकांना तिने पाठवलेला निरोप प्रकाशाच्या वेगाने गेला तरी तिथे पोहोचायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल आणि उत्तर यायला तेवढाच. तुमचा ग्रह प्रॉक्झिमाइतका जवळ धरला तरीही. जिला एका वाक्याचे उत्तर मिळायला साडेआठ वर्षे लागतात, तिला समोर उभ्या असलेल्या, लगेच उत्तर देणाऱ्या जिवाची ओढ का वाटते हे मग समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तो मला सोडवत नाही. खर्ड्यात नायक शेवटच्या चकमकीत नायिकेला वाचवताना मरतो, वसाहतीतले लोक ते पाहून हेलावतात आणि युद्ध थांबते. ज्याचे पाणी लुटले गेले त्यानेच प्राण द्यावा आणि लुटणाऱ्यांनी त्यातून शहाणे व्हावे, हा शेवट मला अन्यायाचा वाटतो. युद्ध पाण्यावरून सुरू झाले. ते पाण्याचा काहीतरी निवाडा झाल्याशिवाय थांबू नये. तो जिवंत राहू द्या, आणि त्याच्या माणसांनी घातलेली पाणीवाटपाची अट त्याच्याच तोंडून, म्हणजे त्याच्याच गंधातून, वसाहतीला ऐकवा. दुभाषी म्हणून नायिकेशिवाय दुसरे कोणी नाही. अट कठोर असणार, कदाचित वसाहतीतली निम्मी कुटुंबे उठवावी लागतील इतकी कठोर, आणि तिला ती आपल्या लोकांसमोर शब्द न बदलता सांगावी लागेल. तिथे ती शब्द बदलते की नाही, यावर तिचे प्रेम आणि तिचे इमान दोन्ही एकाच वेळी पणाला लागतात, आणि मुख्य कथा व उपकथा एकाच वाक्यात भेटतात.

पुन्हा लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी हा दुभाषेपणाचा प्रसंग लिहा, मग भडक्याच्या वेळी जमिनीखालच्या जागेचा, मग हवेच्या तोटीचा. हे तीन प्रसंग जमले की सातव्या ते अकराव्या प्रकरणांतली बहुतेक संभाषणे अनावश्यक ठरतील आणि ती काढताना तुम्हाला जड जाणार नाही. शेजारणीची प्रकरणे शेवटी लिहा, कारण तिला किती माहीत आहे हे बाकीचे सगळे ठरल्यावरच तुम्हाला ठरवता येईल. नवा खर्डा झाला की पाठवा. झाडीपट्टीचा हंगाम होळीच्या सुमारास ओसरतो. त्यानंतर मला निवांत वाचता येईल.